शिंगांचा वास

२००६ चा ऑगस्ट. परदेशातल्या न्यूनेन गावी, घरामागच्या शेडमध्ये सौमित्र लाकडी फळीवर हरणाची शिंगं बसवत होता. तेवढ्यात तीन महिन्यांसाठी पुण्याहून आलेली त्याची आई, मालिनीबाई, दारात येऊन उभी राहिली.

"जुन्या बाजारातून आणली," तो घाईने म्हणाला. त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नसे.

मालिनीबाईंनी बावीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं होतं. त्यांनी एक शिंग उचलून आत बोट फिरवलं. "खोळ आतल्या हाडावरून नुकतीच सुटलीय. उकळलीस ना?"

"हो."

"विकत आणलेली शिंगं कोणी उकळत बसत नाही, राजा. कुठे मारलंस हरीण?"

"नामिबियात. ऑफिसच्या मित्रांबरोबर गेलो होतो तेव्हा." सौमित्रची मान खाली गेली. "आई, बाबांना सांगू नकोस. प्लीज."

"नाही सांगत. तुझा नेम लागला यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही." त्यांनी शिंग परत ठेवलं. "आतल्या हाडाला बोरॅक्स लाव, नाहीतर कीड लागेल."

सौमित्र पहिल्यांदाच मोकळेपणाने हसला.

"आणि उकळलीस कशात?"

"ते मोठं स्टीलचं पातेलं आहे ना, त्यात. पण तीनदा घासलंय गं. अजिबात वास राहिला नाही."

"खरंच नाही राहिला," मालिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "सकाळची खीर मी त्यातच केली. दोन वाट्या तू मागून खाल्ल्यास. उरलेलीही आता तूच संपव."