सीटखालची गळती

मुलांनो, डोळे मिटा आणि समजा, तुम्ही एका मोटारीच्या मागच्या सीटखाली हात घालून पालथे पडला आहात. साल एकोणीसशे चोपन्न, गाव धुळे. डॉक्टरांच्या जुन्या गाडीत पाणी शिरून औषधं भिजत होती. म्हणून आबा मिस्त्री बाहेरून चाकावर बादल्या ओतत होते आणि त्यांची नऊ वर्षांची नात शेवंता आतून गळती शोधत होती. “पानी दिसनं का वं?” आबांनी विचारलं. पाण्याआधी अंधारातून साप आला. “आबा, आठे साप शे,” इथे साप आहे, असं ती हळूच म्हणाली. बादली थांबली. “हालू नको, माय. त्याले वाट माहीत शे.” शेवंताने श्वास रोखला. साप तिच्या बोटांवरून थंडगार सरकला, वळला आणि पत्र्यातल्या पाणी झिरपणाऱ्या भोकातून निसटला. शेपूट दिसेनासं होताच तिने गळती बुजवायला तेलात भिजवून ठेवलेला कापसाचा बोळा उचलला आणि त्याच भोकात कोंबला.