हे उपकरण ओळखता आलं नाही

"नाही घेत," वायरमास्तर म्हणाला आणि तिसरी केबल त्याने बाजूला ठेवली.

लॅपटॉपच्या पडद्यावर पुन्हा तीच ओळ आली होती: हे उपकरण ओळखता आलं नाही.

चौकशीच्या खोलीत टेबलाभोवती चौघं बसली होती. मधोमध बाहेरून नेमलेल्या अध्यक्ष बाई, त्यांच्या शेजारी लॉन्ड्रीचे मॅनेजर, समोर ताई आणि ताईंची नणंद. ताईंचा उजवा हात मनगटापर्यंत पट्टीत होता. चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या रोलरने तो तीन आठवड्यांपूर्वी आत ओढला होता.

रोलरच्या तोंडाशी एक दांडा असतो. त्याला हात लागला की मशीन थांबतं. ताई म्हणत होत्या, हात लागला, मशीन थांबलं नाही. मॅनेजर म्हणत होते, अपघातानंतर अर्ध्या तासात दांडा तपासला, तो ठणठणीत निघाला; ताईंचंच लक्ष नव्हतं.

ताईंकडे पुरावा म्हणून होता फक्त काडेपेटीएवढा रेकॉर्डर. दोन्ही हात कामात असायचे, म्हणून किती चादरी झाल्या ते त्या त्यात बोलून ठेवायच्या. त्या दिवशी तो सकाळपासून रोलरजवळच्या फळीवर चालू होता. गोंधळात तो खाली पडला, कुणाच्या तरी पायाखाली आला. स्पीकर गेला, इयरफोनचं भोक चेपलं, बॅटरी मेली. आत काय आहे ते कुणीच ऐकलं नव्हतं. शाबूत होतं ते केबलचं एक पोर्ट, तेही जुन्या घडणीचं.

लॉन्ड्रीत वायर असलेली प्रत्येक वस्तू वायरमास्तरच्या अखत्यारीत होती. म्हणून त्याला बोलावलं होतं.

"नेमकी अडचण काय?" अध्यक्ष बाईंनी विचारलं.

"लॅपटॉप नवा आहे, बाई. याला नुसतं बारीक लंबगोल पोर्ट. रेकॉर्डर पडला जुना. मधे अॅडॉप्टर घातला की वीज पोचते, पण बोलणं होत नाही. पाहुण्याला जेवायला वाढलंय, पण कुठले, कोण, काही विचारायला गेलं की दोघंही गप्प."

"म्हणजे चालणार नाही," मॅनेजर म्हणाले.

"असं मी म्हटलं नाही, साहेब."

"मग चालवा की!" नणंद उसळली. "तीन आठवडे झाले, माझ्या वहिनीला स्वतःची वेणी घालता येत नाहीये. आणि वर ऐकायचं काय, तर लक्ष नव्हतं म्हणे!"

अध्यक्ष बाईंनी हाताने तिला शांत केलं. "चार वाजेपर्यंत थांबते. तोवर ऐकायला मिळालं तर ठीक. नाहीतर आहेत त्या कागदांवर निकाल देईन."

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

वायरमास्तर बाहेर पडला. पाठोपाठ मॅनेजरही आले. व्हरांड्यात दोघेच होते.

"जुनापुराणा डबा आहे तो," मॅनेजर हळू आवाजात म्हणाले. "नाही होत म्हणून सांगून मोकळा हो. तुला कोणी दोष देणार नाही."

"प्रयत्न तर पुरा करतो."

"कशाला हट्ट करतोस? लेक कॉलेजात जाईल ना यंदा?"

"जाईल."

"मग जरा विचार कर."

"तीन आठवडे तेच करतोय, साहेब," असं म्हणून तो जिना उतरला.

तळघरातल्या अडगळीतून त्याने एक जुना डेस्कटॉप उचलला. खांद्यावर घेऊन दोन मजले चढला. टेबलावर ठेवला तेव्हा धुळीने अध्यक्ष बाईंना शिंक आली. मॅनेजरांनी खुर्ची मागे सरकवली.

"आता संग्रहालय भरवणार का इथे?"

"हा आणि रेकॉर्डर एका वयाचे आहेत," वायरमास्तर म्हणाला. "एकमेकांची भाषा कळेल."

पंखा घरघरला. कॉम्प्युटर सुरू व्हायलाच दहा मिनिटं गेली. त्याने पुढच्या पोर्टमध्ये केबल घातली. रेकॉर्डरचा लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. पडद्यावर तीच ओळ.

"बघा," मॅनेजर म्हणाले. "आता पुरे."

"पुढच्या पोर्टला ताकद कमी पडते. मागचं थेट बोर्डावर असतं."

"अरे, पुरे म्हणतोय ना मी!"

"चार वाजले नाहीत अजून."

तो गुडघ्यांवर बसून टेबलाखाली वाकला. मागचं पोर्ट जळमटांनी भरलं होतं. ते त्याने फुंकून, सदऱ्याच्या टोकाने पुसून साफ केलं.

"राहू द्या भाऊ," ताई म्हणाल्या. "माझ्यापायी तुम्ही कशाला वाईटपणा घेता?"

त्याने वर पाहिलं नाही. "माझं कामच आहे ते, ताई."

केबल बसली. लाल दिवा लागला. सगळे पडद्याकडे बघत राहिले. या वेळी ती ओळ आली नाही. तिच्या जागी एक लहानशी यादी उघडली. त्या सकाळच्या तारखेची फाइल शेवटची होती.

वायरमास्तरने स्पीकर जोडले आणि फाइल लावली.

आधी वाफेचा फुसफुसाट. मग ताईंचा आवाज: "एकशे वीस झाल्या. चहाला जाऊन येते." पावलं लांब गेली. थोडा वेळ नुसतं मशीन ऐकू येत राहिलं. मग अगदी जवळून एका पुरुषाचा आवाज आला.

"दांडा सारखा मशीन थांबवतोय. त्याची वायर काढून थेट जोडून टाकतो. संध्याकाळी परत लावीन. बायकांना सांगायला नको, उगाच घाबरतील."

नणंदेने वहिनीचा डावा हात घट्ट धरला.

अध्यक्ष बाईंनी पेन उचललं. "थांबवा जरा. हा आवाज कोणाचा?"

"माझा," वायरमास्तर म्हणाला. "साहेबांचा पुढे येतो. लावू?"