आईचे ठोके

"काल दुपारी आईचे ठोके चार वेळा अडखळले," मुलगी फोनवर म्हणाली.

बाबा म्हणाले, "उकाडा होता गं. झोप लागली नाही तिला."

मुलीला आठवा महिना होता आणि पलंगावरून पाय खाली ठेवायचीही मनाई होती. माहेर दोन दिवसांच्या वाटेवर. पक्षाघातानंतर आईची वाचा गेली होती, त्यामुळे फोनवर बोलायचे ते बाबाच. आईची खुशाली कळायची ती छातीवरच्या पट्टीवरून. ती पट्टी मुलीनेच आपल्या प्रयोगशाळेत बनवली होती. डोळ्यांना न दिसणारे चांदीचे कण शाईत मिसळायचे आणि ती शाई पातळ रबरावर छापायची. पट्टी कातडीबरोबर ताणली जायची, टोचायची नाही, आणि हृदयाचा ठोकान् ठोका मुलीच्या फोनवर पाठवायची. चाळीस वर्षांत मला जमलं नाही ते लेकीनं केलं, आईच्या अंगावर चांदी घातली, असं बाबा येईल त्याला सांगत.

सकाळी डोळे उघडले की मुलगी आधी ती हलती रेघ बघायची, मग चहा.

हल्ली ती फार कडक झाली होती. आईचं मीठ तिने निम्म्यावर आणलं, तळलेलं बंद केलं. एका घरात दोन स्वयंपाक कशाला, तुम्हीही तेच खा, असं बाबांना बजावलं. बाबा कुरकुरत, पण ऐकत. रोज सहाच्या सुमाराला ठोके वाढतात ते कशाने, असं तिने एकदा विचारलं. त्या वेळी मी तिचे हातपाय हलवून घेतो ना, बाबा म्हणाले.

"दमत नाही तुम्ही?"

"तिचं करताना कसलं दमायचं?"

जरा सावकाश घ्या, एवढंच मुलगी म्हणाली.

आज मात्र बाबांचा फोन ठेवल्याबरोबर तिने डॉक्टरकाकांना लावला. ते बाबांच्या शेजारचे, घरातलेच. पट्टीने टिपलेली रेघ तिने त्यांना आधीच पाठवली होती. ती बघून काका गंभीर झाले. असंच चाललं तर रक्ताची गुठळी होऊ शकते, औषध आजच सुरू करायला हवं, म्हणाले. मग एकदम चाचरले.

"म्हणजे... मी संध्याकाळी जाऊन आईला बघतो. तू जिवाला लावून घेऊ नकोस, या दिवसांत."

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "आईला जाऊन आज एकवीस दिवस झाले. त्या दिवशी रेघ सपाट झाली आणि परत सुरू झाली ती दुसऱ्याच हृदयाची. पट्टी बाबांनी स्वतःच्या छातीवर लावलीय. त्यांना तपासा, औषध द्या. फक्त, मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका."