नावं गेलेल्या फायली

सूनबाई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. जेवायला हाक मारली तर नुसतं "हं". समोर कॉम्प्युटरचा काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. कोपऱ्यातला तिचा सर्व्हर बिघडला होता, आणि गेलेल्या ह्यांचा आवाज त्यातच साठवलेला होता.

"असा कसा बिघडला?" मुलाने विचारलं.

"वीज गेली होती," ती म्हणाली.

वीज कुठली जाते! इस्त्री लावायला मीच त्याचा प्लग उपटला होता. पण मी कशाला बोलतेय!

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने मला शेजारी बसवलं. "आई, फायली सापडल्या, पण नावं गेली. नुसते आकडे उरलेत. कुठली कशाची, ते तुम्हीच सांगा."

ती एकेक लावत गेली. एकीत हे चहावरून माझ्यावर खेकसले, दुसरीत नातीला गोष्ट सांगता सांगता स्वतःच घोरायला लागले. मी सांगत गेले, ती नावं घालत गेली.

डोळे पुसून उठले, तर समोरच्या भिंतीवर नवाकोरा बोर्ड बसवलेला आणि माझी इस्त्री त्याला लावलेली.

"खोटारडी कुठली!" मी म्हटलं, "अगदी माझ्यावर गेलीस."