शेवाळाचा कोळसा

डॉक्टरबाईंनी वहीचं पान पुन्हा मागे उलटलं.

म्हातारा खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला होता. वही त्याचीच. बायको रोज सकाळ-संध्याकाळ मापाच्या नळीत फुंकायची आणि तो आकडा लिहायचा. आकडा जितका मोठा तितका श्वास मोकळा. गेले चार महिने तो घसरतच चालला होता. असंच राहिलं तर घरी ऑक्सिजनचं यंत्र आणावं लागेल, असं बाई मागच्या खेपेला म्हणाल्या होत्या.

"त्याआधी माझ्या पेटीचं काही सांगाल का?" तो चाचरत म्हणाला. "हवा गाळते ती. आत शेवाळाचा कोळसा, मागे छोटा पंखा. दुकानातली परवडेना, म्हणून चार महिन्यांपूर्वी घरीच केली. कदाचित कोळसा कमी पडत असेल. थर वाढवतो."

"थरच वाढवतायत," बायको म्हणाली. एवढ्यानेही तिला धाप लागली. "आता मलाच पेटीत बसवायचं तेवढं राहिलंय."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "आजोबा, मधे हे नऊ दिवस आकडे एकदम चांगले आलेत. तेव्हा काय वेगळं केलं होतंत?"

त्याने चष्मा सावरून पाहिलं. त्या पानावर अक्षर बायकोचं होतं.

"तेव्हा मी नव्हतोच. धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. पेटीही बंद होती, पंखा जळला होता."

"हा कोळसा करता कसा?"

हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो खुलला. शेवाळ गच्चीवर वाळवायचं. पत्र्याच्या डब्यात दाबून भरायचं. झाकण लावून डबा तीन तास गॅसवर ठेवायचा. धूर थांबला की कोळसा झाला. तो लवकर निकामी होतो, म्हणून एक दिवसाआड नवा करायचा.

"आणि गॅस?"

"स्वयंपाकघरात. ही तिथेच, पलीकडच्या खोलीत..."

त्याची नजर वहीतल्या त्या नऊ दिवसांच्या आकड्यांवर गेली. डॉक्टरबाईंनी वही मिटून हळूच त्याच्यापुढे सरकवली.

खाली उतरताना बायको जिन्यात श्वास घ्यायला थांबली. तो दोन पायऱ्या खाली उभा राहिला. मान वर करायचा त्याला धीर होईना.

"धुराचं तुला कळलं होतं?"

"तुम्ही बहिणीकडे होतात तेव्हाच. तिसऱ्या दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

तिने कठडा धरला. बोलण्यापुरता श्वास जमायला तिला वेळ लागला.

"नोकरी सुटल्यावर दोन वर्षं तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून होतात," ती म्हणाली. "तो डबा गॅसवर चढवायला लागलात, तेव्हा कुठे अंथरुणातून उठलात."