समासातली पेन्सिल

एकशे बाराव्या पानाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेला नवा मजकूर होता.

‘वॉरविक राजाला सोडून गेला तो सत्तेसाठी नव्हे. राजानं गुपचूप लग्न केलं आणि ते वॉरविकला सगळ्यांच्या शेवटी कळलं. म्हणून.’

श्रीकृष्णरावांनी तो तीनदा वाचला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून एकोणीस वर्षं ते इंग्लंडच्या याच काळाचा अभ्यास करत होते. पांढऱ्या गुलाबाचं यॉर्क आणि लाल गुलाबाचं लँकेस्टर ही दोन घराणी, एक सिंहासन आणि तीस वर्षांची कापाकापी. वॉरविक हा त्यातला मातब्बर सरदार. ज्याला त्यानं गादीवर बसवलं, त्याच्यावरच तो उलटला. का उलटला, यावर त्यांच्या वहीत चाळीस पानं होती. त्या चाळीस पानांत हे एक वाक्य नव्हतं.

“दुसऱ्याचं चांगलं न बघवणं. तीन अक्षरी. काय हो?” पलंगावर शब्दकोडं घेऊन बसलेल्या रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

“मत्सर,” ते मान वर न करता म्हणाले.

पुस्तक वाचनालयाचं होतं. पंधरा दिवस घरी, मग तीन दिवस वाचनालयात, मग पुन्हा घरी, असा नियम. दर फेरीला मागच्या कुठल्या तरी पानावर नवं काहीतरी लिहिलेलं सापडायचं. अक्षरांवर रेघ नसायची. एकेक अक्षर सुटं, जपून बसवलेलं.

त्या तीन दिवसांत ते पुस्तक कोण वाचतं, हे त्यांना ठाऊक होतं. भावसिंग राठोड. घाटंजीकडच्या तांड्यातले, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, आता लोहाऱ्याला मुलाकडे राहणारे. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ते हेच पुस्तक वाचत आणि मधूनच एकटेच हसत. श्रीकृष्णरावांनी वाचनकक्षाच्या वहीतली त्यांची सही मुद्दाम पाहिली होती. तिच्यावरही रेघ नव्हती.

मग वाचनालयात फलक लागला. वार्षिक व्याख्यान: लाल गुलाब, पांढरा गुलाब. वक्ते, श्री. भावसिंग राठोड.

श्रीकृष्णराव फलकापुढे बराच वेळ उभे राहिले. या व्याख्यानाला आपल्याला कुणी बोलावेल म्हणून ते एकोणीस वर्षं वाट बघत होते. तशी इच्छा मात्र कधी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

मुदत संपली त्या मंगळवारी पुस्तक परत गेलं नाही. त्यांनी ते लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

“पुस्तक द्यायचं नाही का या खेपेला?” रत्नप्रभाबाईंनी विचारलं. “आणि कपाटाला कुलूप कशाला? घरात आपण दोघंच.”

“असू दे.”

रोज जेवण झालं की ते कपाट उघडत, सगळी पानं चाळत आणि पुन्हा बंद करत. महिनाभरात एकही नवी ओळ उमटली नाही. लिहिणारे भावसिंगच, याबद्दलची उरलीसुरली शंका फिटली.

व्याख्यानाला चार दिवस उरले असताना भावसिंग स्वतःच घरी आले.

“भाऊसाहेब, पुस्तक महिनाभर परत नाही आलं. मले वाटलं, तब्येत बिघडली का काय तुमची.”

“नाही. वाचतोय अजून.”

“वाचा ना, निवांत वाचा! मी पुस्तक मांगाले नाही आलो. मी फसून राह्यलो, म्हणून आलो.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “भाषणाले हो म्हणून बसलो. पण माह्यं काय हाये त्यात? पुस्तक कमी अन् समासच जास्त वाचला म्या. काय लिहिलं हाये, राजेहो! वॉरविकचं वाचून त मी एकटाच हासलो. वाचनालयात पाह्यलं, पुस्तक घरी नेणारं नाव एकच. तुमचं. सेक्रेटरीले सांगूनच आलो, बोलतीन त श्रीकृष्णरावच बोलतीन.”

श्रीकृष्णरावांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला.

“ते तुमचंच हाये ना?”

रत्नप्रभाबाई चहा घेऊन दारात आल्या होत्या. एकोणीस वर्षं, श्रीकृष्णरावांच्या मनात आलं. एकोणीस वर्षं.

“हो,” ते म्हणाले. “माझंच.”

“मले वाटलंच होतं!” भावसिंगांनी मांडीवर थाप मारली. “मंग एक सांगा. लई दिवसाचं डोक्यात हाये. चौऱ्याण्णव पानावर, तो लँकेस्टरवाला राजा भ्रमिष्ट होऊन बसते, तिथं तुम्ही लिहिलं, ‘राणीनं तान्हं मूल त्याच्यापुढं धरलं. त्यानं पाहिलंही नाही. घरचं माणूस समोर असून’... अन् बस. तिथंच सोडलं. काहून? पुढं काय लिवाचं होतं?”

श्रीकृष्णरावांनी कपाटाकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चौऱ्याण्णवावं पान त्यांना पाठ होतं. पुढचं येत नव्हतं.

“म्हणजे... त्याचं असं आहे...”

रत्नप्रभाबाईंनी ट्रे टीपॉयवर ठेवला. पहिला कप पाहुण्यांना दिला, दुसरा नवऱ्यापुढे सरकवला.

“‘समोर असून दिसत नाही,’” त्या म्हणाल्या. “तेवढ्यात शिसं मोडलं माझं.”