आढ्याचा रूळ

"मुंबईच्या विजेच्या ट्रामचा मार्ग इंच न् इंच सांगू शकणारा माणूस आज भूतलावर एकच उरलाय," असं सर्जेरावांनी जाहीर केलं आणि खोलीच्या मधोमध खुर्ची ओढून त्या माणसाला बसवलं.

"तिथं नगं," हमीदामावशी म्हणाल्या. "ट्रामखाली याल."

सर्जेराव उठले. दौंड स्टेशनात तिकिटं देण्यात उभा जन्म गेलेला माणूस. ट्रामखाली मरणं कमीपणाचं वाटलं असावं.

वडगाव रासाईतल्या त्या घराचे पत्रे एका लोखंडी रुळावर टेकले होते. ट्राम बंद पडली तेव्हा मावशींच्या नवऱ्याने, इलाहींनी, भंगारातून मागून आणलेला. ते मुंबईत रुळांच्या सांध्यावर उभे राहून कांबीने ट्राम दुसऱ्या रुळावर वळवायचे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. रुळाखालचा पट्टा मात्र या घराने साठ वर्षं मोकळा ठेवला होता. तिथे कुणी निजलं नाही, ताट मांडलं नाही. नातवाचा पाळणाही दुसरीकडे टांगला.

"पण रूळ वर आहे, मावशी. ट्राम खालून कशी जाईल?"

"मग काय वरनं? पत्रं उडत्याल की."

सर्जेरावांनी खुर्ची भिंतीकडे सरकवली.

"परवा स्लॅबचं काम हाय," मावशी म्हणाल्या. "पोरगा म्हणतो, तुम्ही ट्रामचाच म्हणलात तर रूळ ऱ्हाईल, न्हाईतर भंगारात. ह्यांचं येणं-जाणं त्याच्यावरच हाय, भाऊ. रोज तिनाला."

तीनला दोन मिनिटं होती. सर्जेराव पट्ट्याच्या कडेला शिडी लावून चढले. रुळाला खाच होती. ट्रामच्या रुळाला असते, रेल्वेच्या नाही. तेवढ्यावर उतरता आलं असतं. पण दहा वर्षं नकाशा घेऊन त्यांनी तो मार्ग डांबरावरून पायी काढला होता, आणि तेवढ्या वर्षांत एकही चाक कानावर आलं नव्हतं. त्यांनी रुळाला कान लावला.

रूळ गार होता. एप्रिलातल्या दुपारी, तापल्या पत्र्याखाली, गार.

मग आत लांबवर काहीतरी घरघरलं. वळणावर करकरलं. ते वळण त्यांनी ओळखलं. भायखळा. मग लालबाग. परळ. दादरला ट्राम संपते, हे त्यांनीच नकाशावर लाल शाईने लिहिलं होतं. दादर गेलं. चाकं थांबली नाहीत.

खाली मावशींनी पट्ट्याच्या कडेचा तांब्या उचलून घेतला आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

"काय म्हणतोय रूळ?"

"काढू नका म्हणावं," सर्जेराव म्हणाले. शिडी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. "ट्रामचाच हाय."

"ते मला ठावं हाय. आता वर चढलाच हाय तर तेवढं कोळ्याचं जाळं काढा, बिगीबिगी. ते ट्रामच्या दारातच उभं ऱ्हात्यात. तोंडाला लागतंय."